मधाचं बोट

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर दोन बारीक पांढरे व्रण आहेत. आमच्या सोसायटीतल्या भिशीत कुणीतरी एकदा विचारलं, ‘विळीवर कापलं का हो?’ मी म्हटलं, ‘मुंगूस चावलं.’ सगळ्याजणी हसल्या आणि विषय संपला. मुंगूस नव्हतं ते. पण खरं उत्तर द्यायचं तर निदान अर्धा तास हवा, आणि भिशीत तेवढा वेळ कुणी कुणाला देत नाही. आज रविवार आहे. चहाचा दुसरा कप अजून व्हायचा असेल. तेव्हा खरं उत्तर आज देते.

मला चावला तो फेरेट. नाव बंड्या. तसं कागदोपत्री त्याचं नाव ‘बँडिट’, म्हणजे दरोडेखोर. डोळ्यांवरून काळी पट्टी बांधल्यासारखा रंग असतो म्हणून माझ्या नातीनं ते ठेवलेलं. माझ्या तोंडी पहिल्या दिवसापासून त्याचा बंड्या झाला आणि गंमत म्हणजे तो त्या हाकेला येऊही लागला. नळीसारखं लांबट अंग, आखूड पाय, किलोभर वजन. दिसायला आपल्या मुंगसासारखा, पण मुंगसाच्या कुळातला नव्हे. पाणमांजर ज्या कुळातलं, त्या कुळातला. युरोपातल्या रानटी पोलकॅटपासून माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीच तो माणसाळवला, तो बिळातले ससे बाहेर हुसकवण्यासाठी. अमेरिकेत आता तो घरोघरी हौसेनं पाळतात. अर्थात सगळीकडे नाही. कॅलिफोर्नियात आणि हवाईत त्याला बंदी आहे, न्यूयॉर्क शहरातही आहे. नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत, जिथे माझी मुलगी राहते, तिथे मात्र चालतो.

२०२२ सालच्या ऑक्टोबरात मी सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेले. ती आणि जावई दोघं नोकरीवर, अकरा वर्षांची नात शाळेत. आपण जायचं, पोळीभाजी करायची, नातीला शुभंकरोती शिकवायचं, दुपारी दुलई घेऊन पडायचं, असा माझा साधा बेत. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीनं मला फ्रिजसमोर उभं केलं. तिथे एक कागद चिकटवलेला होता. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, आणि मध्यरात्री दोन. पुढे प्रत्येक वेळेला कुणी काय करायचं ते.

‘आई, दहाचं आणि दोनचं तू बघशील ना गं? आत्तापर्यंत मी डब्याच्या सुट्टीत घरी धावत येत होते.’

‘काय बघायचं?’

‘बंड्याला भरवायचं.’

खरं सांगते, मला राग आला. सात समुद्र ओलांडून मी मुंगसाला भरवायला आले होते का? त्यात भरवायचं काय, तर कोंबडीचं वाटण! ज्या बाईनं चाळीस वर्षं आपल्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफल येऊ दिलं नाही, तिनं कोंबडी शिजवून, मिक्सरला लावून, त्यात भिजवलेलं कोरडं खाणं कालवून, कोमट करून वाटीत द्यायचं. तिकडचे फेरेटवाले या लापशीला ‘डक सूप’ म्हणतात. त्यात बदक नसतंच. मी तिला बंड्याची पेज म्हणू लागले. नाव आपलं असलं की काम थोडं सोपं होतं.

आता त्याच्या दुखण्याविषयी. मधुमेह आपल्याला घरच्यासारखा परिचयाचा आहे. शरीरात इन्सुलिन कमी पडतं, किंवा असून लागू पडत नाही, आणि रक्तातली साखर वाढते. बंड्याचं नेमकं उलटं होतं. त्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठी झाल्या होत्या. या दुखण्याला इन्सुलिनोमा म्हणतात. गाठी गरज नसताना इन्सुलिन सोडत राहतात आणि साखर खाली खाली जाते. निरोगी फेरेटची साखर साधारण ९० ते १२० असते. बंड्याची पहिल्या तपासणीत ४८ निघाली होती. अमेरिकेत पाळलेल्या फेरेटमध्ये, चार-पाच वर्षांचे झाले की हे दुखणं फार आढळतं. त्यांचं सारं आयुष्यच सहा ते आठ वर्षांचं, म्हणजे पन्नाशी-साठीतल्या माणसाला एखादं दुखणं जडावं तसंच ते.

शस्त्रक्रिया करता येते, पण गाठी पुन्हा होण्याचा संभव मोठा. बंड्या सहाव्या वर्षात होता. त्यामुळे मुलीनं औषधांचा मार्ग धरला. सकाळ-संध्याकाळ प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब, दर चार तासांनी मांसाचं खाणं, आणि गोड पूर्ण बंद. साखर कमी होते म्हणून गोड द्यावं असं आपल्याला वाटतं. पण गोड पोटात गेलं की त्या गाठी आणखी इन्सुलिन ओततात आणि साखर आधीपेक्षाही खाली येते. पूर्वी त्याला लाडानं मनुका मिळायच्या, त्या बंद झाल्या. गोडाला अपवाद एकच. साखर एकदम उतरून तो निपचित पडला, तर हिरड्यांना किंचित मध चोळायचा आणि शुद्धीवर आला की लगेच पेज भरवायची. मधानं पाच-दहा मिनिटं मिळतात, पुढचे चार तास पेज काढते.

मुलीनं बजावलं होतं, ‘बोट घालू नकोस हं, दातखीळ बसते. कापसाची काडी ठेवली आहे.’

पहिले आठ-दहा दिवस मी नाक मुरडत सगळं केलं. बंड्या दिवसाचे सोळा-सोळा तास झोपायचा. मी वाटी वाजवली की झोळीतून काळं नाक बाहेर यायचं. पेज चाटून झाली की त्याचा नाच सुरू व्हायचा. पाठीची कमान करून, तोंडानं कुकुकु करत, आडवा-तिडवा उड्या मारत तो खोलीभर फिरायचा आणि स्वतःच्याच उडीनं कपाटावर आपटायचा. चोरटा तर इतका, की माझी चष्म्याची केस, जावयाचे तीन मोजे आणि फुलवातींचं अख्खं पुडकं सोफ्याखाली सापडलं. चोराच्या मागे ओणवी होऊन सोफ्याखाली हात घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला चोराविषयी फार काळ राग धरता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

बँकेत एकतीस वर्षं नोकरी केलेली मी. मला तो फ्रिजवरचा कागद पुरेना. एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. वेळ, किती खाल्लं, औषध, मागचे पाय कसे, नाच केला की नाही, शेरा. नातीनं त्यात आपला एक रकाना घातला. रात्री झोपताना ती दिवसाला एक ठिपका द्यायची, चांगल्या दिवसाला हिरवा, वाईट दिवसाला लाल. डिसेंबरात मला सर्दी झाली तेव्हा मुलीनं तोंडाला मास्क लावायला लावला. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. जावयानं त्यावर एक हकिकत सांगितली. १९३३ साली लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रोग्याच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात सोडलं. फेरेट शिंकू लागले, आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या हाती लागला. आजही फ्लूच्या संशोधनात फेरेट लागतात. म्हणजे दर वर्षी आपण जी फ्लूची लस टोचून घेतो, तिच्या मुळाशी या बंड्याचे पूर्वज आहेत. मी मास्क नीट बांधला.

जानेवारीतली गोष्ट. दुपारी पावणेदोनला सांगलीहून भावाचा फोन आला. तिकडे रात्रीचे सव्वाबारा. त्याला झोप येत नव्हती, आणि भाऊ-बहिणी म्हाताऱ्या झाल्या की त्यांचं बोलणं लवकर आटपत नाही. फोन ठेवला तेव्हा तीन वाजून गेले होते. वाटी वाजवली, नाक बाहेर आलं नाही. झोळीपाशी गेले तर बंड्या खाली आडवा पडलेला. डोळे उघडे पण काचेसारखे, तोंडातून लाळ, मागचे पाय फरपटलेले. मी उचलला तसे त्याला झटके येऊ लागले. कापसाची काडी कुठली आठवतेय! मधाच्या बाटलीत बोट बुडवलं आणि त्याच्या तोंडात घातलं. त्याचे दात मिटले. पेराशी रक्त आलं, मधात मिसळलं. कसंबसं बोट सोडवून मी त्याच्या हिरड्यांना मध चोळत राहिले. चार-पाच मिनिटांनी, ती मला पाऊण तासासारखी वाटली, त्याचं डोकं हललं. मग नजर आली. मग त्यानं माझं तेच बोट चाटलं. मी त्याला पेज भरवली, डॉक्टरबाईंना फोन केला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले.

आपल्याकडे ‘मधाचं बोट लावणं’ म्हणजे चुचकारून वेळ मारून नेणं. मी सव्वा तास उशीर करून त्या जनावरावर तीच पाळी आणली होती. संध्याकाळी नातीनं वही उघडली, दोनचा रकाना रिकामा पाहिला, आणि मला वाटलं आता ही बोलणार. ती एवढंच म्हणाली, ‘आजी, शुगर लो झाली होती ना त्याची? म्हणून चावला. तो तसा नाहीये.’

तो तसा नाहीये! रात्री मला झोप लागली नाही. कारण हे वाक्य मी दुसऱ्या एका जिवाविषयी बोलायला हवं होतं, आणि बोलले नव्हते.

आमच्या ह्यांना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि पुढे इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. २००९ साली घरी सत्यनारायण होता. ह्यांनी साडेबाराला इंजेक्शन घेतलं, कारण एक वाजता पानं वाढायची ठरली होती. गुरुजी उशिरा आले, माझ्या माहेरची माणसं उशिरा आली. दोन वाजले, सव्वादोन वाजले. मी बायकांच्या हळदीकुंकवात. हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, ‘या घरात जेवायला मिळणार आहे की नाही?’ हातातली वाटी आपटली, ती घरंगळत बैठकीपर्यंत गेली. मी म्हटलं, ‘लाज नाही का वाटत, पाहुण्यांसमोर?’ ते मटकन खाली बसले. माझ्या भाच्याच्या लक्षात आलं, त्यानं साखरपाणी करून दिलं. दहा मिनिटांत हे माणसात आले आणि ओशाळून सगळ्यांची माफी मागत सुटले. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्यापर्यंत पोचला तो फक्त आवाज. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की साखर उतरली की माणूस चिडतो, गोंधळतो, भलतंच बोलतो. ते मला कळलंही. पण त्यानंतरही ‘आमचे हे तापट’ हे वाक्य मी नातेवाइकांत वर्षानुवर्षं सांगत राहिले. २०१७ साली ते हृदयविकारानं गेले. तापटपणाचा शिक्का तसाच राहिला.

अकरा वर्षांच्या मुलीला जे एका जनावराविषयी चटकन कळलं, ते मला माझ्या नवऱ्याविषयी का कळलं नाही? याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि आजचा हा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

एक कारण असं, की जनावराशी आपला जुना हिशेब नसतो. बंड्यानं माझ्या माहेरावरून कधी टोमणा मारला नव्हता, माझ्या पगाराची चौकशी केली नव्हती. त्याचं दुखणं मला स्वच्छ दिसलं. माणसाचं दुखणं आपण त्याच्या स्वभावातून गाळून बघतो आणि गाळणीत उरतो तो स्वभाव. म्हणून प्राण्यांवर प्रेम करणारी माणसं जात्याच थोर असतात, असं मी म्हणणार नाही. प्राण्याची शुश्रूषा सोपी असते, म्हणून ती जमते. पण सोपी आहे म्हणून ती टाकाऊही नाही. गळ्यावर खर्ज बसतो तो सोप्या स्वरांवरच.

दुसरं कारण जास्त सार्वत्रिक आहे. आपल्या घरांत एकदाच येणाऱ्या आजाराला मान आहे, रोजच्या आजाराला नाही. ऑपरेशन म्हटलं की सारे नातेवाईक थर्मास घेऊन इस्पितळात जमतात, शहाळी येतात, नवस बोलले जातात. पण बाराव्या वर्षातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी दोनच्या गोळीला कुणी हजर नसतं. तिथे एकटी सून असते, किंवा बायको असते, आणि तिचा चेहरा आंबट झाला की तिलाच नावं ठेवली जातात. ज्या दुखण्याला बरं होणं ठाऊक नाही, त्यात यशाचं माप काय? बंड्याच्या वहीनं मला ते दिलं. आज वेळेवर पोटात गेलं का? आज दुखलं का? आज नाचला का? बस्स. जिंकायचं काही नव्हतंच, त्यामुळे हरण्याची धास्तीही नव्हती. आणि त्या फ्रिजवरच्या कागदावर प्रत्येकाचं नाव होतं. मध्यरात्री दोनला जावई उठायचा. रविवारी माझी सुट्टी असायची आणि ती मला सक्तीनं घ्यावी लागायची. ह्यांच्या आजारपणात आमच्या घरी असा कागद नव्हता. तो लावायचं मलाही सुचलं नाही आणि माझ्या दोन्ही दिरांनाही नाही.

भावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो उसळला. ‘इथे माणसांना औषधं परवडत नाहीत आणि तुम्ही डॉलर उधळताय मुंगसावर!’ त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डॉक्टरबाईंच्या एका भेटीचं बिल रुपयांत मांडलं की माझ्या पेन्शनचा मोठा लचका तुटायचा. मी हिशेब घालत बसले नाही. फक्त त्याला ढवळ्याची आठवण दिली. १९७२ च्या दुष्काळात गावातली जनावरं मिळेल त्या भावानं बाजारात जात होती. आमच्या वडिलांचा ढवळ्या तेव्हा म्हातारा झालेला, नांगराला निरुपयोगी, दात पडलेले. वडील त्याला कडबा बारीक तोडून, भिजवून हातानं भरवायचे. आई कुरकुरली तर म्हणायचे, ‘पोळ्याला त्याच्या पाया पडलो ते काय खोटं होतं?’ भाऊ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तो मेला तेव्हा अण्णा जेवले नव्हते.’ करुणा ही काही रेशनवरची साखर नव्हे, की एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी झाली. माझा अनुभव असा, की ‘आधी माणसांचं बघा’ म्हणून प्राण्यांना हाकलणारे लोक पुढे माणसांकडेही बघताना क्वचितच दिसतात.

फेब्रुवारीत बंड्या खालावला. डायझोक्साइड नावाचं दुसरं औषध जोडलं. काही दिवस बरे गेले. मग वहीत लाल ठिपके वाढले. डॉक्टरबाईंनी नातीला सांगितलं होतं, ‘त्याला सगळ्यांत आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहून ठेव. त्यातल्या दोन त्याला नकोशा झाल्या की मला फोन कर.’ तिनं लिहिलं होतं : नाच, मोजे चोरणं, वाटीचा आवाज.

मला याचा रोख समजला होता आणि तो मान्य नव्हता. आपण जीव दिला नाही, तर घ्यायचा कसा? आमची परंपरा पांजरापोळाची. मुंबईत १८३४ साली पांजरापोळ निघाली तीच या भावनेनं, की थकल्या जनावराला त्याच्या मरणापर्यंत सांभाळावं. मी मुलीला हे ऐकवलं. वडिलांनी ढवळ्याला इंजेक्शन दिलं नव्हतं, हेही ऐकवलं. ती वाद घालत बसली नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नातीनं माझ्यासमोर स्वतःचा धुतलेला मोजा बंड्याच्या नाकाशी नेऊन धरला. त्यानं मान वळवली. ती म्हणाली, ‘आजी, त्याला आता मोजे नकोत.’ वही उघडली. चौदा दिवसांत अकरा लाल ठिपके होते. झटके दिवसाला दोन झाले होते. मी एकतीस वर्षं आकड्यांवर विश्वास ठेवून जगलेली बाई. त्या पानावरचा हिशेब मला वाचता येत होता.

आपण लांबवतोय ते त्याचं आयुष्य की आपला निरोप, हा प्रश्न मग मी स्वतःला विचारला. त्याचं उत्तर मी इथे तुमच्यासाठी लिहिणार नाही. प्रत्येक घरात ते वेगळं येईल, आणि माझ्या मनात अजूनही एक कोपरा कुरकुरतो. पण आम्ही तिघी गेलो. जावई कामावरून परस्पर आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. कळणार नाही त्याला. मी विचारलं, ‘गोड चालेल?’ त्या म्हणाल्या, ‘आता काहीही चालेल.’ नातीनं खिशातून मनुका काढली. ती त्याला चावली नाही. मी पर्समध्ये मधाची छोटी बाटली नेली होती. या वेळी काडी असूनही बोटच बुडवलं. त्यानं दोनदा चाटलं.

एप्रिलमध्ये मी परत आले. आल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, फेरेट इथे मिळतो का हो, मुलं मागे लागली आहेत. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. कृपा करून आणू नका. तो थंड हवेचा प्राणी. पारा तिशीपलीकडे गेला की त्याच्या जिवावर बेततं, आणि आपला उन्हाळा कसा असतो ते आपण जाणतो. शिवाय त्याच्या दुखण्याचा जाणकार डॉक्टर मध्यरात्री कुठे शोधणार? कुठलाही प्राणी आणण्याआधी मुलांना एवढंच विचारा : हा म्हातारा होईल, याला बरं न होणारं काही जडेल, तेव्हा फ्रिजवरच्या कागदावर मध्यरात्री दोनच्या पुढे कुणाचं नाव लिहायचं? उत्तर आलं तर जरूर आणा.

आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आधीच आहे, दोन पायांचा, त्यांनी तो कागद आजच लावावा. ज्याचं नाव त्यावर सहा वेळा येतंय, त्याला आठवड्यातला एक दिवस सक्तीनं मोकळा द्यावा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत. दहा वर्षांपासून इन्सुलिनवर, आता अंथरुणाला खिळलेले. त्यांची सून घरून काम करते आणि सासऱ्यांचंही करते. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते दोन मी त्यांच्याजवळ बसते आणि ती खाली उतरते. कुठे जाते ते मी विचारत नाही. सोसायटीत आजोबांची ख्याती भयंकर तापट म्हणून आहे. परवाच्या शुक्रवारी सून निघताना डबा कुठे ठेवला ते सांगायला विसरली आणि मी पेपर वाचत बसले. आजोबा अचानक माझ्यावर ओरडले. अक्कल काढली, घराबाहेर जायला सांगितलं, उशाचं पुस्तक भिरकावलं.

मी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता.

‘थांबा हं,’ मी म्हटलं, ‘आधी साखरपाणी देते. मग भांडू.’